दाखला काढून नेलेल्यांचे काय?

दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या शादीखान्यांत गुणगौरव समारंभांची रांग लागते. नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलामुलींना शाली, ट्रॉफ्या, भिंतीवरची घड्याळे दिली जातात. नगरसेवक येतात, आमदार उशिरा येतात आणि प्रत्येक वक्ता 'इक्रा' या शब्दापासून सुरुवात करतो. या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. त्यांच्या यशाविषयी आमच्या मनात किंतु नाही. आमचा प्रश्न दुसरा आहे. त्याच शादीखान्यात खुर्च्या मांडणारा आणि कार्यक्रम संपल्यावर दस्तरख्वान उचलणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कितवीत शिकतो, हे व्यासपीठावरच्या एकाने तरी कधी विचारले आहे काय? तो आठवीतच शाळेतून दाखला काढून बाहेर पडलेला असतो. त्याची बहीण त्याच्याही आधी, सातवीनंतर, घरी बसलेली असते. गुणगौरवाच्या यादीत ही दोघे नसणार हे उघड आहे. पण समाजाच्या शिक्षणाची चर्चा होते तेव्हा त्या चर्चेतही ती नसतात, आणि आमची तक्रार नेमकी हीच आहे.

शिक्षणखात्याने या मुलांसाठी एक शब्द रूढ केला आहे: गळती. अहवालांत हा शब्द येतो, परिसंवादांत येतो, आपले विचारवंतही तो बिनदिक्कत वापरतात. मडक्यातून पाणी गळते, ते जमिनीत मुरते आणि परत येत नाही. माणसाचे तसे नाही. शाळा सोडलेला मुलगा आपल्याच मोहल्ल्यात राहतो. सकाळी गॅरेजचे शटर उघडतो, दुपारी बेकरीच्या भट्टीसमोर उभा राहतो, संध्याकाळी नाक्यावर सलाम करतो. तो कुठे नाहीसा झालेला नाही. 'गळती' म्हटले की विषय संपतो. जे गेले ते गेले, आता लहानांना जपा, असा त्या शब्दाचा अर्थ होतो. आम्हाला हा अर्थच मान्य नाही. लहानांना जपायचेच आहे, परंतु जे चौदाव्या वर्षी बाहेर पडले आणि आज अठरा, बावीस, अठ्ठावीस वर्षांचे आहेत, त्यांचे आयुष्य अजून उरलेले आहे. त्यांना दहावीपर्यंत परत आणणे हे समाजाचे काम आहे, आणि ते होण्यासारखे आहे.

आधी वास्तव पाहू. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला. सहा ते चौदा वयोगटातील दर चार मुस्लिम मुलांपैकी एक मूल कधी शाळेत गेलेले नाही किंवा शाळेतून बाहेर पडलेले आहे, हे त्या अहवालाने देशापुढे ठेवले. सतरा वर्षांवरील मुसलमानांत मॅट्रिक झालेले १७ टक्के होते; देशाची सरासरी २६ टक्के होती. याच अहवालाने आणखी एक समज खोडून काढला. मुसलमानांची मुले मदरशांत जातात म्हणून मागे राहतात, असे बाहेरचे लोक मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होते. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले जेमतेम ३ टक्के निघाली. म्हणजे उरलेल्यांतली बहुतेक मुले शाळेतच गेली होती, आणि जी बाहेर पडली ती शाळेतूनच बाहेर पडली.

महाराष्ट्राची गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि राज्यातील मुसलमानांची ७८.१ टक्के. आपण राज्याच्या सरासरीच्या पुढे होतो! आईबापांना मुले शिकवायचीच नाहीत, हा आरोप या एका आकड्याने निकालात निघतो. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने, भिवंडीच्या हमालाने, मराठवाड्यातल्या बागवानाने, कोकणातल्या मच्छीमाराने मूल शाळेत घातले होते. अक्षरओळख झाली, पाढे झाले, नाव लिहिता आले. धागा तुटला तो त्याच्या पुढे, सातवी ते नववीच्या दरम्यान.

तो तिथेच का तुटतो? पहिले कारण विटा-सिमेंटचे आहे. अनेक वस्त्यांत पालिकेची किंवा जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंत असते आणि पुढचे हायस्कूल दुसऱ्या टोकाला किंवा दुसऱ्या गावाला. मुलगा सायकल मारत जाईल, मुलीला मात्र हायवे ओलांडून किंवा दोन बस बदलून पाठवायला आई धजत नाही. दुसरे कारण कायद्याचे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याची हमी सहा ते चौदा वर्षे आणि पहिली ते आठवी एवढ्यापुरतीच आहे. नववीच्या उंबरठ्यावर सरकार मुलाचा हात सोडते. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा सुधारला तेव्हा घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची सवलत ठेवली गेली. ज्या घरात माग आहे, जरीचे काम आहे, त्या घरात 'मदत' कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे कोण तपासणार?

तिसरे कारण फारसे कुणी बोलत नाही, म्हणून ते आम्ही बोलतो. शाळांना शंभर टक्के निकालाचे वेड लागले आहे. फाटकावर फलक लावायचा असतो, पुढच्या वर्षी प्रवेश वाढवायचे असतात. मग नववीतल्या कच्च्या मुलाच्या बापाला बोलावून घेतले जाते आणि 'याला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा' असे गोड शब्दांत सांगितले जाते. बाप दिवसभराची मजुरी बुडवून आलेला असतो. सतरा नंबर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. तो दाखला घेतो, मुलाला घेऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी मामूच्या गॅरेजवर सोडतो. फॉर्म कुणीच भरत नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. अल्पसंख्याक दर्जा मिरवणाऱ्या संस्थाही यात मागे नाहीत. अल्पसंख्याकांसाठी म्हणून मिळालेला दर्जा वापरायचा आणि अल्पसंख्याकांतल्या दुबळ्या मुलालाच दार दाखवायचे, याला काय म्हणावे?

सरकारचे देणे सरकारकडे मागितलेच पाहिजे. वस्तीजवळ हायस्कूल, मुलींसाठी वाहन, बारावीपर्यंत शिक्षणाचा हक्क या मागण्यांवरून आम्ही तसूभरही मागे हटणार नाही. परंतु आज बावीस वर्षांची असलेली मुलगी त्या मागण्या पूर्ण होईपर्यंत चाळिशीची होईल. तिच्यासाठी आजच वाट हवी. आणि आमचे म्हणणे असे की ती वाट आहे.

ज्या सतरा नंबरच्या फॉर्मचा वापर मुलांना घालवण्यासाठी होतो, तोच फॉर्म त्यांना परत आणू शकतो. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या, शाळा सोडलेल्या माणसाला राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. वयाची वरची अट नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालते. मार्चमध्ये काही विषय राहिले तर, २०१५ पासून, जुलैमध्येच पुन्हा बसता येते.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची दहावी इतर मंडळांच्या दहावीइतकीच ग्राह्य आहे. चौदा वर्षे पूर्ण हवीत. आठवीचे प्रमाणपत्र नसेल तर हा अभ्यासक्रम झेपेल एवढे आपण शिकलो आहोत, असे स्वतः लिहून द्यायचे. पाच विषय निवडायचे, त्यांत किमान एक भाषा. माध्यम उर्दू घ्या, मराठी घ्या, हिंदी घ्या. वर्षातून दोनदा परीक्षा होते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. शिवाय गणित सक्तीचे नाही. गणिताच्या एका पेपराने किती मुलांना आयुष्यभरासाठी 'नापास' हा शिक्का मारला आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या सवलतीचे मोल कळेल. महाराष्ट्राचे स्वतःचे राज्य मुक्त विद्यालय मंडळही आता आहे. तिथे पाचवी, आठवी, दहावी, बारावी या टप्प्यांनी पुढे जाता येते.

हे सारे उघड आहे, छापलेले आहे. मग मोहल्ल्यात ते कुणाला ठाऊक आहे? ठाऊक आहे ते दलालांना. 'आठ दिवसांत दहावी पास, गॅरंटीसह' अशा जाहिराती रिक्षांच्या मागे लागतात. आपली पोरे घाम गाळून कमावलेले पैसे बोगस मंडळांच्या रंगीत कागदांवर उधळतात आणि तो कागद पहिल्याच कार्यालयात फेकला जातो. खरी माहिती द्यायला कुणी पुढे आले नाही की ती जागा दलाल घेतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप कारखानदारापासून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत सगळे घेतात: 'दहावी होऊन कोणती कलेक्टरी मिळणार आहे?' कलेक्टरी मिळणार नाही, हे आम्हालाही कळते. पण कोकणातल्या, मुंब्र्यातल्या घरांना एक उदाहरण लगेच पटेल. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' अशी नोंद पडते. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन अशा देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची वेगळी मंजुरी काढावी लागते आणि एजंटाच्या मागे फिरावे लागते. दहावीचे प्रमाणपत्र असलेल्याला ही अट नाही. एका गुणपत्रिकेने एजंटाचा एवढा जाच वाचतो. आयटीआयमध्ये काही थोडे व्यवसाय आठवीवर मिळतात. इलेक्ट्रिशियन, फिटर व्हायचे तर दहावी लागते. दहा वर्षे मोटार दुरुस्त करणारा आपला मुलगा इंजिन कानाने ओळखतो, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात त्याला पहिला प्रश्न कागदाचा विचारतात. आणि बाईने अंगणवाडी सेविका व्हायचे म्हटले तर आता बारावी मागतात. दहावी म्हणजे मंजिल नव्हे. पण पुढच्या प्रत्येक दाराची किल्ली तिथेच मिळते.

इथेच आरक्षणाचा मुद्दा येतो. जुलै २०१४ च्या अध्यादेशाने राज्यात मुसलमानांना ५ टक्के आरक्षण मिळाले. त्याच नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणातले आरक्षण चालू ठेवायला हरकत घेतली नाही. तरी नव्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही आणि तो संपला. हा अन्यायच आहे आणि त्याविरुद्धची लढाई न्याय्य आहे. पण उद्या ते पाच टक्के परत मिळाले तरी त्या राखीव जागा अकरावी-बारावीच्या पुढे आहेत. नववीत बाहेर पडलेला मुलगा त्या जागांच्या रांगेत उभाच राहू शकत नाही. आरक्षणाच्या मोर्चाला हजारोंनी जमणाऱ्या पुढाऱ्यांनी दहावीच्या एका संध्याकाळच्या वर्गाला खोली द्यायला नको का?

दुसरा आक्षेप गरिबीचा. गरिबी खरी आहे. गरीब घराला 'शिक्षणाचे महत्त्व' शिकवणारी भाषणे आम्हाला चीड आणतात. पण आम्ही ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते कमावतच आहेत. त्यांनी काम सोडावे असे कुणी म्हणत नाही. त्यांना हवी आहे संध्याकाळची दोन तासांची मोकळीक, परीक्षेच्या दिवसांची सुटी आणि परीक्षेची फी. ती फी वलिम्याच्या एका वाढीव पदार्थापेक्षा जास्त नसते. गरीब विद्यार्थ्याच्या हातात झकात देता येते, हे कोणताही आलिम सांगेल. दरवर्षी रमजानात आपल्या मोहल्ल्यांतून झकातीची केवढी रक्कम फिरते! तिचा मोठा भाग पावतीपुस्तक घेऊन लांबून आलेल्यांकडे जातो, आणि शेजारच्या घरातला मुलगा फीच्या पैशांअभावी फॉर्म न भरता राहतो.

तिसरा आक्षेप मुलींबाबत. 'निकाह झाला, पोर झाले, आता काय शाळा?' आम्ही विचारतो, का नाही? दाखल्यावर जे नाव आहे त्याच नावाने तिचा फॉर्म भरता येतो. मुक्त विद्यालयाचा अभ्यास चुलीपासून चार हात अंतरावर बसून करता येतो. पास झालेले विषय जमा होत राहतात, त्यामुळे बाळंतपणाने वर्ष बुडत नाही. तिला लागते ती सासूची परवानगी आणि नवऱ्याने परीक्षा केंद्रापर्यंत दिलेली सोबत. जो नवरा बायकोला उरुसाला स्कूटरवरून नेतो त्याला तिला मार्चमध्ये परीक्षा केंद्रावर न्यायला काय अडचण आहे? आईने स्वतः दहावी दिली असेल तर तिच्या मुलीला सातवीतून घरी बसवणे त्या घरात सोपे राहत नाही.

चौथा आक्षेप धर्माच्या नावाने येतो: दीनचे शिक्षण पुरे, दुनियेचे शिक्षण नको. बद्रच्या लढाईतल्या कैद्यांची हकीकत आपल्या सीरतच्या प्रत्येक जलशात सांगितली जाते. खंडणी देऊ न शकणाऱ्या, पण लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांना मदिनेतील दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याच्या बदल्यात सोडले गेले. ते शिक्षक मुसलमान नव्हते, शत्रू होते. म्हणजे शिकवले ते दीनचे नव्हते, अक्षरांचे होते. ही हकीकत मिंबरवरून सांगणाऱ्याला सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती जुम्याच्या नमाजनंतर सांगायला कोणती अडचण आहे? आणि हिफ्जसाठी शाळा सोडलेल्या मुलांबद्दलही बोलू. ज्याने तीस पारे पाठ केले त्याची स्मरणशक्ती कमजोर आहे असे कोण म्हणेल? त्या हाफिजाला दहावीचे पाच विषय जड जाणार नाहीत. त्याला ते कुणी दिलेच नाहीत.

पण या सगळ्या आक्षेपांच्या तळाशी एक गोष्ट आहे, तिचे नाव लाज. वीस वर्षांचा तरुण पुस्तक उघडायला लाजतो, कारण मोहल्ला हसतो. 'अब क्या मास्टर बनेगा?' असे विचारतो. शाळा सोडली तेव्हा ज्याला कुणी थांबवले नाही, त्याला परत जाताना मात्र सगळे टोकतात. सरकार, शाळा, गरिबी यांच्या बरोबरीने या हसण्यानेही माणसे अडवली आहेत, आणि ते थांबवायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

या भूमीत प्रौढांनी शिकण्याची परंपरा नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. तिथे बसणारे दिवसभर राबून आलेले असत. फुले दांपत्याला घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव येते. आपण फातिमाबींचे चित्र फलकावर छापतो, त्यांच्या नावाने पुरस्कार देतो. त्यांचा वारसा सांगायचा तर संध्याकाळी दिवा लावून वर्ग भरवायला हवा. संस्थांची परंपराही आपल्याकडे आहे. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मौलाना आझाद कॉलेज काढले. तेव्हापासून राज्यभर समाजाने शाळा-कॉलेजे उभारली. अशा प्रत्येक इमारतीत संध्याकाळी सहानंतर फळे आहेत, बाके आहेत आणि अंधार आहे. तिथे दिवे लावायला कोणाची मंजुरी हवी?

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक जमातीने आपल्या मोहल्ल्यातील चौदा ते पस्तीस वयाच्या, दहावी न झालेल्यांची यादी करावी. मशिदीचा वरचा मजला, जमातखाना किंवा उर्दू वाचनालय आठवड्यातून चार संध्याकाळ द्यावे. मुलींसाठी दुपारची वेळ ठेवावी. एका जाणत्या माणसाने जुन्या शाळांतून दाखले काढून आणण्याचे काम घ्यावे, कारण बहुतेक फॉर्म तिथेच अडतात. मालकांनी परीक्षेच्या दिवसांची पगारी सुटी द्यावी. आणि गुणगौरव समारंभात अठ्ठाविसाव्या वर्षी पस्तीस टक्क्यांनी पास झालेल्या यंत्रमाग कामगाराला पहिली शाल द्यावी.

एक मागणी मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मुसलमानांकडे, म्हणजे या अंकाच्या वाचकांकडे आहे. उर्दू माध्यमातल्या किती मुलांचे पाऊल मराठीच्या पेपराशी अडखळते हे आपल्याला माहीत आहे. ही दोन्ही भाषा जाणणारी माणसे आपणच आहोत. आठवड्यातून दोन संध्याकाळ एखाद्या मुलाला मराठीतला अर्ज, पत्र, निबंध शिकवणे हे आपल्याच अंगणातले काम आहे. मराठी मुसलमानांची अस्मिता यावर आपण तीन दशके परिसंवाद घेतले. ती अस्मिता त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत उतरली नाही तर ते परिसंवाद कोणासाठी होते?

राज्य मंडळ दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास सतरा नंबरच्या अर्जाच्या तारखा जाहीर करते. त्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापल्या जातात आणि निघून जातात. या वर्षी त्या तारखा मशिदीच्या फलकावर लिहा, बेकरीत लावा, गॅरेजमध्ये लावा. शेवटच्या तारखेआधी आपल्या मोहल्ल्यातून किती अर्ज गेले, हे समाजाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकाने उभे राहून सांगावे. आकडा शून्य असेल तर त्या बैठकीत शिक्षणावर भाषण करण्याचा अधिकार कोणालाही नाही.